सामायिक भिंत

जागा मिळाली मच्छेच्या पुढं, जिथं परवापरवापर्यंत भुईमूग निघायचा.
अडतीस गुंठे. तीन बाजूंना प्लॉट पडलेत, दगडांवर चुन्याचे आकडे.
चौथ्या बाजूला खानापूर रस्ता,
त्यावरून फौंड्रीच्या तिसऱ्या पाळीच्या दुचाक्या.
आदेशात लिहिलंय : पोलीस ठाणे व अग्निशमन केंद्र, एकाच छताखाली.
खर्च वाचतो म्हणे.

मी पेन्सिलीला टोक काढलं आणि तिथंच अडले.

बंबाचे इरण्णा बडिगेर आले, कानडी हेलात म्हणाले,
"आमाला उंबरा नको बघा बाई.
दार वर जायला पायजे, सरळ. समोर काय बी नको,
झाड नको, कट्टा नको, साहेबाची जीप तर नकोच नको.
बेल झाली की चाळीस सेकंदात चाक रस्त्याला."
ठाण्याच्या हुक्केरीबाई हसल्या नाहीत.
त्यांना दार अरुंद हवं, वळण घेऊन आत येणारं.
येणारा आधी आपल्याला दिसावा, मग आपण त्याला.
खिडक्या उंच. गज. मागच्या अंगाला कोठडी.

एकाचं सगळं बाहेर पळणारं,
एकीचं सगळं आत थांबवणारं,
आणि मधे माझी नऊ इंची सामायिक भिंत,
जिच्यापायी आमच्या वडगावात
सख्खे भाऊ पंधरा-पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

स्वयंपाकघर एकच ठेवलं. त्यावर कुणीच भांडलं नाही.
पाण्याच्या टाकीवर भांडले.
पाटीवर तर कुठल्या लिपीचं अक्षर किती इंच,
त्यावर जे बसले होते ते दोघांपैकी कुणाच्याच खात्यातले नव्हते.

कोठडी मी काढली होती डिझेलच्या खोलीला लागून.
बडिगेरांनी तिथं बोट ठेवलं.
"तेल हितं. मानूस हितं. किल्ली कुठं?"
हुक्केरीबाईंनी कमरेला हात लावला.
"आणि नोव्हेंबरात तुमी बंदोबस्ताला चौकात असला की?"
पंखा फिरत राहिला.
मग त्या हळूच म्हणाल्या, कोठडी रस्त्याकडं घ्या.
दुसरी किल्ली यांच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत.
भिंतीला पहिलं भोक पडलं ते असं,
नकाशावर पाच मिलिमीटर.

रात्री खोडरबराची कात टेबलावरून झाडताना
मला शालन आठवली.
मागावर बसायची, आमच्या पलीकडच्या बोळात.
मी चौथीत असेन.
एका रात्री दार वाजलं, ती उभी,
पदराचं टोक काळं, वास रॉकेलचा,
आणि आईला विचारत होती, अगदी शहाण्यासारखं,
जसं कुणी एसटी कुठून सुटते ते विचारावं :
"वैनी, आता बंबाकडं जाऊ का पोलिसाकडं?"
आई कितीतरी वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली, "आदी पानी पी."

पुढं ती कुठं गेली, कुणी दार उघडलं, मला ठाऊक नाही.
आई सांगत नाही. मीही दोनदाच विचारलं.

सकाळी मी तिसरं दार काढलं.
बंबाच्या सरळ वाटेत न येणारं,
ठाण्याच्या टेबलावरून न दिसणारं,
दोन्ही खात्यांच्या मधे जिथं मुळात कोपरा वाया जात होता.
आत एक बाक, भिंतीला नळ, दिवा रात्रभर.
वर पाटी नाही, म्हणजे भांडण नाही.

वरून फाइल परत आली, लाल शाईत :
दार क्रमांक तीन कोणत्या खात्याचे? वापर स्पष्ट करावा.
बडिगेर म्हणाले, आमचं लिवा.
हुक्केरीबाई म्हणाल्या, नको, आमचं लिहा,
पगारी माणूस आमच्याकडं रात्रीचा जागा असतो.
आणि पहिल्यांदाच दोघं
एखादी गोष्ट आपली म्हणून भांडले.

मी रकाना अजून भरलेला नाही.
तपशील तेवढा दिलाय :
रुंदी सव्वा मीटर, नळ अर्धा इंच,
फळी दोन्ही बाजूंना उघडणारी,
कडी नाही.